चिठ्ठी फाडू नका, सिस्टर

*वकीलताई, सलाम.*

*मी नगर जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात सिस्टर आहे. पुढच्या वर्षी रिटायर होईन. १९९१ साली नगरच्या चर्चमध्ये लग्न झालं, संसार पुण्यात. मिस्टर दारू पिऊन मारायचे. १९९४ साली ओठ फाटला, टाके पडले, तेव्हा नऊ महिन्यांच्या मुलीला घेऊन माहेरी आले, ती आलेच. वडील मला एका वकिलांकडे घेऊन गेले. वकील सगळा वेळ वडिलांशीच बोलत होते. म्हणाले, "नवरा नुसता मारतो ना? तेवढ्यावर ख्रिश्चन बाईला घटस्फोट नाही. बाहेर बाई ठेवल्याचा पुरावा आहे का?" तेव्हा बाई नव्हती, नुसता मार होता. त्यांनी चिठ्ठीवर चार ओळी लिहून दिल्या. ती चिठ्ठी अजून माझ्या बायबलमध्ये आहे. आमच्याच वॉर्डातल्या एका हिंदू सिस्टरला त्याच सुमारास मारहाणीवरून घटस्फोट मिळाला. मला वाटलं, आपल्यात नसेल तसं.*

*आता पेन्शनच्या कागदांना पतीसोबतचा फोटो लागतो म्हणे. मिस्टर पिंपरीला दुसऱ्या बाईबरोबर राहतात, त्यांना दोन मुलं आहेत. त्यांना फोन केला तर म्हणाले, "पाच लाख दे, मग सही करतो. नाहीतर तू गेल्यावर तुझी पेन्शन मलाच." मुलगी म्हणते, कायदा केव्हाच बदललाय. मग तेव्हाचे वकील खोटं बोलले का? आता या वयात हे करावं का? पाळकसाहेब म्हणाले, देवाने जोडलेलं माणसाने तोडू नये.*

*ता. क. – गळ्यात क्रूसाचं लॉकेट असलेली काळी पोत आहे. ड्युटीवर प्रश्न नकोत म्हणून घालते. पहिली तुटली, ही माझ्या पगारातून केलेली. अर्ज करताना ती काढावी लागते का?*

*– एक सिस्टर*

सिस्टर, सलाम.

वकील खोटं बोलले नाहीत. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात जास्त लागलेला प्रश्न हाच, म्हणून आधी त्याचं उत्तर. ते अर्धवट बोलले, तुमच्याकडे न बघता बोलले, पण घटस्फोटापुरतं जे सांगितलं ते १९९४ साली महाराष्ट्रात छापील कायद्याला धरून होतं.

तो कायदा १८६९ सालचा. इंडियन डिव्होर्स अ‍ॅक्ट. त्याच्या दहाव्या कलमात नवऱ्यासाठी एक ओळ होती: बायकोने व्यभिचार केला की घटस्फोट. बायकोसाठी मात्र बेरीज. नवऱ्याचा व्यभिचार, अधिक क्रूरता. किंवा व्यभिचार, अधिक दोन वर्षं सोडून जाणं. किंवा व्यभिचार, पण जवळच्या नात्यातल्या बाईशी. अजून दोन-चार बाबी होत्या, त्या इतक्या भयंकर की कोणा बाईने त्या कोर्टात उभं राहून सांगायच्या म्हणजे दुसरी शिक्षाच. नवरा नुसता मारत असेल तर बेरीज पुरी होत नव्हती. नुसती बाहेर बाई असेल, घरी हात उचलत नसेल, तरीही होत नव्हती. थोडक्यात, त्याने दोन्ही करायला हवं होतं. तुमच्या नवऱ्याने १९९४ पर्यंत अर्धंच काम केलेलं होतं, म्हणून तुम्ही अडकलात. कडवट वाटतं लिहायला, पण कलमाचा अर्थ एवढाच.

ही बेरीज बायबलातून आली नव्हती, आणि तुमच्या "आपल्यात नसेल तसं" या वाक्यासाठी हे सांगणं भाग आहे. ती आली होती इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यातून. तिथल्या पार्लमेंटने ठरवलं की नवऱ्याला व्यभिचार पुरे, बायकोला व्यभिचार अधिक काहीतरी. बारा वर्षांनी तेच इथे आणून बसवलं. गंमत बघा, इंग्लंडने स्वतः हा भेद १९२३ साली काढून टाकला, आणि १९३७ साली नुसत्या क्रूरतेवर घटस्फोट द्यायला सुरुवात केली. आपण ते जुनं कलम २००१ पर्यंत जपलं. साहेबाने टाकून दिलेला कोट आपण ७८ वर्षं इस्त्री करून घातला.

तुमच्या वॉर्डातली ती हिंदू सिस्टर सुटली, कारण हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने क्रूरता हे घटस्फोटाचं स्वतंत्र कारण झालं होतं. तोच वॉर्ड, तीच नाईट ड्युटी, तसलेच वळ. फरक लग्न कुठल्या कायद्याखाली लागलं एवढाच. तुमचंच लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली रजिस्टर झालं असतं, तर १९९४ सालीच मारहाणीवर दावा लागला असता.

आणि त्या कलमाच्या मागेपुढे काय काय होतं, तेही ऐका. चौतिसाव्या कलमाप्रमाणे नवरा बायकोच्या प्रियकराकडून नुकसानभरपाई मागू शकत होता. मालाची नासाडी झाली की मालक मागतो तशी. बायकोला नवऱ्याच्या मैत्रिणीकडून काही मागण्याची सोय नव्हती, कारण नवरा हा माल नव्हता. जिल्हा कोर्टाने घटस्फोट दिलाच तर तो हायकोर्टाने कायम केल्याशिवाय खरा होत नसे. म्हणजे नगरला जिंकायचं आणि मग औरंगाबाद खंडपीठाच्या शिक्क्याची वाट बघत बसायचं. कोर्ट चालू असताना बायकोला जी पोटगी मिळे, ती नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक पंचमांशाच्या वर जाऊ शकत नव्हती.

आता वकिलांनी काय सांगितलं नाही ते. त्याच कायद्यात बाविसावं कलम होतं, न्यायिक फारकतीचं. नुसत्या क्रूरतेवर ती तेव्हाही मिळत होती. लग्न तुटत नाही, पण वेगळं राहण्यावर कोर्टाची मोहोर बसते. ती तुमच्या हातात असती तर पुढची तीस वर्षं "नवऱ्याला सोडून आलेली" हे ऐकताना दाखवायला एक कागद तरी असता. दुसरं, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या तेव्हाच्या १२५ कलमाखाली तुमच्यासाठी आणि मुलीसाठी पोटगी मागता आली असती. तेव्हा तिची कमाल मर्यादा महिना ५०० रुपये होती, २००१ मध्ये ती मर्यादा गेली. पाचशेत दुधाचा हिशेब तरी भागला असता. त्या वकिलांनी "घटस्फोट नाही" एवढं सांगून फाइल मिटवली. फी घेतली असेलच.

पण मी त्यांच्यावर फार तोंडसुख घेणार नाही, कारण मला माझं एक आठवतं. १९९९ चा पावसाळा. मी ज्युनिअर होते, सिनिअरांच्या टेबलाच्या कडेला बसून तारखा लिहायचे. एक बाई आली, अंगावर पांढरी साडी, बहुतेक कुठल्यातरी मिशन शाळेत शिक्षिका. तिचंही तुमच्यासारखंच. सिनिअरांनी कपाटातून बेअर अ‍ॅक्टचं, म्हणजे नुसत्या कलमांचं, बारकं पुस्तक काढलं, दहावं कलम वाचलं, आणि तेच सांगितलं: नुसत्या मारहाणीवर नाही. बाई उठून गेली. छत्री विसरली होती, ती घ्यायला परत आली, तेव्हाही आम्ही काही बोललो नाही.

तीन-एक महिन्यांनी लायब्ररीत दुसरंच काही शोधताना एआयआरच्या, म्हणजे कोर्टांच्या छापील निकालांच्या, खंडात सापडलं: १९९७ सालीच मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने ही बेरीज घटनाबाह्य ठरवली होती. क्रूरता एकटी पुरे, सोडून जाणं एकटं पुरे. त्याआधी १९९५ मध्ये केरळ हायकोर्टाच्या पूर्णपीठाने हेच केलं होतं. म्हणजे ती बाई आली तेव्हा तिचा मार्ग दोन वर्षांपासून मोकळा होता. आम्ही तिला जुन्या पुस्तकातून बंद दार दाखवलं. हायकोर्टाने निकाल दिला म्हणून बाजारातल्या पुस्तकातलं कलम पुसलं जात नाही ना. तिचा पत्ता आम्ही घेतला नव्हता.

म्हणून सिस्टर, तुमच्या मुलीचं खरं आहे, आणि तिला वाटतं त्यापेक्षा आधीपासून खरं आहे. १९९७ पासून महाराष्ट्रात, आणि २००१ पासून देशभर. लॉ कमिशनने १९६० पासून सांगायला सुरुवात केली होती, १९८३ च्या ९० व्या अहवालात तर खास ख्रिस्ती घटस्फोटाच्याच कारणांचा विषय होता. सरकारं म्हणायची, आधी समाजाचं एकमत होऊ दे. एकमत व्हायची वाट बघण्यात बायकांच्या पिढ्या गेल्या. शेवटी २००१ च्या ५१ व्या कायद्याने दहावं कलम नव्याने लिहिलं गेलं. नवरा असो वा बायको, कारणं तीच: व्यभिचार, क्रूरता, सलग दोन वर्षं सोडून जाणं, धर्म सोडणं, सात वर्षं ठावठिकाणा नसणं आणि आणखी काही. भरपाईचं कलम गेलं, हायकोर्टाची मोहोर गेली, एक पंचमांशाची मर्यादाही त्याच वर्षी गेली. नावातला "इंडियन" शब्दही गेला. आणि परस्परसंमतीने घटस्फोट, जो ख्रिस्ती जोडप्यांना तोवर नव्हताच, तो आला.

आता तुमच्या दाव्याकडे येऊ.

नवऱ्याची सही लागत नाही. हे तीनदा वाचा. संमतीचा रस्ता बंद झाला तर कारणांचा रस्ता आहे, आणि तुमच्याकडे कारणांची कमतरता नाही. प्रश्न आहे कुठलं घ्यायचं. तुमची मुलगी म्हणेल, व्यभिचार घ्या, दोन मुलं म्हणजे चालता-बोलता पुरावा. मी म्हणेन, तो मुख्य करू नका. व्यभिचाराचा आरोप केला की या कायद्याप्रमाणे त्या दुसऱ्या बाईलाही सहप्रतिवादी करावं लागतं. तिला पिंपरीत समन्स, ती वकील देणार, तारखा दुप्पट. शिवाय तिच्याशी तुमचं भांडण आहे असं मला तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही.

मुख्य कारण घ्या सोडून दिल्याचं, जोडीला क्रूरता. इथे तुम्ही म्हणाल, पण घर तर मी सोडलं. हाच प्रश्न नवऱ्याचा वकील पहिल्या उलटतपासणीत विचारणार आहे, तेव्हा उत्तर आत्ताच घट्ट करून ठेवा. कायदा बघतो तो उंबरा कोणी ओलांडला हे नाही, संसार कोणामुळे मोडला हे. मारून बायकोला राहणं अशक्य करणारा नवराच सोडून जाणारा ठरू शकतो, मग तो त्याच खोलीत त्याच खाटेवर बसून राहिलेला का असेना. आपल्या भाषेने मात्र हे कधी मान्य केलं नाही. "नांदणं" हे क्रियापद बाईच्याच वाट्याला आलं, "नांदत नाही" असं कोणी पुरुषाबद्दल बोलल्याचं ऐकलंय का? "टाकलेली बाई" आहे, "टाकलेला पुरुष" नाही. तुमच्याच जिल्ह्यात, संगमनेरला, ऐंशीच्या दशकात परित्यक्ता बायकांची परिषद भरली होती. तेव्हा कुठे सरकारदरबारी या बायका मोजायला हव्यात असं लोकांना वाटू लागलं. तर अर्जात "मी माहेरी निघून आले" असं भोळेपणाने लिहू नका. काय काय झालं म्हणून त्या रात्री निघावं लागलं, ते लिहा. तारीख आठवत नसेल तर मोसम लिहा, मुलगी किती महिन्यांची होती ते लिहा.

अडचणीची गोष्ट एकच आहे, आणि ती लपवणार नाही. कायद्याच्या चौदाव्या कलमात असं आहे की अर्ज करायला विनाकारण उशीर केला असेल, तर कोर्ट घटस्फोट नाकारू शकतं. लग्नाच्या दाव्यांना मुदतीचा कायदा लागत नाही, त्यामुळे "मुदतबाह्य" असं कोणी म्हणणार नाही. पण तीस वर्षं का थांबलात, हे मात्र विचारतील.

आणि इथे तुमची चिठ्ठी कामाला येते. ती बायबलमधून काढून झेरॉक्स करा, मूळ चिठ्ठी प्लास्टिकच्या कव्हरात ठेवा, फाडू नका, लॅमिनेट करू नका. टाचणी गंजली असेल तर तशीच असू द्या. तुम्ही उशीर का केला, याचं एवढं स्वच्छ उत्तर मी फार कमी फाइलींमध्ये पाहिलंय: मी विचारायला गेले होते, मला वकिलाने लेखी सांगितलं की मिळत नाही, आणि तेव्हा ते खरं होतं. नंतर बदललं ते मला कोणी सांगितलं नाही. कोर्टाला हे कळेल. न्यायाधीशही कधीतरी ज्युनिअर होतेच.

बाकी पुरावा तुमच्या स्वतःच्या कपाटात आहे. चर्चच्या नोंदवहीतला लग्नाचा उतारा आधी काढून घ्या, चर्चमध्ये सापडला नाही तर रजिस्ट्रारकडे प्रत असते. १९९४ चा केसपेपर असेल तर उत्तम, नसेल तर तेव्हा तुमचा ओठ शिवणारी सहकारी सिस्टर साक्षीला चालेल. मुलीच्या शाळेचा दाखला, ज्यावर पालक म्हणून तुमची सही आहे. आणि तुमचं सेवापुस्तक. या पुस्तकाला बायका फार कमी लेखतात. तुमचे पत्ते, बदल्या, नामनिर्देशनाचे अर्ज, मुलीचा वैद्यकीय खर्च, सगळं सरकारी शाईत आणि साहेबांच्या सहीने. तुम्ही तीस वर्षं एकटीने संसार केला, याचा साक्षीदार म्हणून मी सेवापुस्तकाला कुठल्याही मामा-काकाच्या वर मानते.

दावा नगरलाच लागेल, कारण लग्न तिथल्या चर्चमध्ये झालं. हे तुमचं नशीब. या कायद्यात दावा कुठे लावायचा तर लग्न लागलं तिथे, दोघं राहतात तिथे, किंवा शेवटचे एकत्र राहिले तिथे. बायको आता एकटी कुठे राहते, याला किंमत नाही. हिंदू विवाह कायद्यात २००३ पासून बायको स्वतः राहते त्या गावी दावा लावू शकते. म्हणजे मुंबईत लग्न आणि संसार झालेली, आता नांदेडला भावाकडे राहणारी ख्रिस्ती बाई दर तारखेला रेल्वेचं तिकीट काढणार, तिची हिंदू शेजारीण रिक्षाने कोर्टात जाणार. २००१ ला सगळं समान झालं असं म्हणणाऱ्यांना मी हे तिकीट दाखवते. क्रूरतेची व्याख्याही तशीच राहिलीय: एकत्र राहणं अपायकारक ठरेल अशी रास्त भीती वाटावी, इतकी क्रूरता दाखवा. हिंदू कायद्यातून ही भीतीची अट १९७६ लाच गेली. तुमच्या बाबतीत ओठावरचे टाके आहेत, म्हणून अडणार नाही. पण वर्षानुवर्षं अबोला धरून, टोमणे मारून जी छळली गेली, तिला ही अट जड जाते.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, जिल्हा कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं. बाईला मोफत वकील मिळतो, पगार कितीही असो. १५१०० हा फोन आहे. मुंबईच्या वाचक बहिणींनी मजलिसचं नाव लक्षात ठेवावं. फ्लेविया अ‍ॅग्नेस यांनी सुरू केलेली ही संस्था बायकांचीच कामं बघते.

आता ते पाच लाख.

संमतीच्या घटस्फोटाला माझा विरोध नाही. दहा-अ कलम, दोघांचा एकत्र अर्ज, किमान दोन वर्षं वेगळं राहिलेलं असावं, मग सहा महिने थांबून अठरा महिन्यांच्या आत दोघांनी परत येऊन "हो, आम्हाला हवाच" सांगायचं. (हिंदू, पारशी आणि विशेष विवाह कायद्यात एक वर्ष पुरतं, इथे दोन का, हा प्रश्न केरळ हायकोर्टाने २०१० मध्ये विचारला आणि तिथे दोनाचं एक करून वाचलं. २०२२ मध्ये तर त्यांनी ती आधी वेगळं राहण्याची अटच घटनाबाह्य ठरवली. तुम्हाला तीस वर्षं झालीत, तेव्हा तुमच्यासाठी हा वाद म्हणजे पुस्तकातला धडा.) मिस्टरांनी सरळ सही केली तर हा रस्ता सगळ्यात शांत.

पण पैसे देऊन नाही. ज्या हक्काच्या जोरावर ते मागताहेत तो हक्क त्यांना नाही. हिंदू कायद्यात नवराही बायकोकडून पोटगी मागू शकतो. ख्रिस्ती कायद्यात पोटगी फक्त बायकोला, नवऱ्याने द्यायची. छत्तीस आणि सदतीस ही कलमं अजूनही कमावणारा नवरा आणि घरी बसलेली बायको असंच चित्र डोळ्यासमोर धरून लिहिलेली आहेत. समानतेचा आग्रह धरणारी मी, मला हे प्रामाणिकपणे सांगायला हवं की हीसुद्धा असमानताच आहे. एखादा अंथरुणाला खिळलेला नवरा आणि बँकेत मॅनेजर असलेली बायको असेल, तर ती बोचेल, आणि कधीतरी बदलायला हवी. पण बदलेल तेव्हा बदलेल. सव्वाशेहून जास्त वर्षं हा कायदा तुमच्या विरुद्ध वाकडा होता, या एका ठिकाणी तो चुकून तुमच्या बाजूला वाकलाय, तर त्याचा फायदा घ्यायला मी तुम्हाला लाजू देणार नाही.

पेन्शनची धमकी मात्र पोकळ नाही, अर्धी खरी आहे. ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधीला मुलीचं नाव लावता येतं, लावलंही असेल, तपासा. कुटुंब निवृत्तिवेतन नामनिर्देशनावर जात नाही, नियमाने जातं, आणि नियमात कायदेशीर पती आधी उभा असतो. वेगळा राहणारा असला तरी. त्याला त्या रांगेतून खात्रीने बाहेर काढणारा कागद म्हणजे घटस्फोटाचा हुकूमनामा. तो निवृत्तीनंतर आला तरी उपयोगाचा, पण अर्ज आत्ता दाखल करा. केंद्र सरकारने आपल्या महिला कर्मचाऱ्यांसाठी जानेवारी २०२४ मध्ये सोय केली की घटस्फोटाचा दावा चालू असेल तर नवऱ्याच्या आधी मुलांचं नाव देता येईल. राज्याची नियमावली वेगळी आहे, तेव्हा तुमच्या आस्थापना शाखेला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. क्लार्क प्रेमाने म्हणेल, "सिस्टर, विधवा लिहून टाका, कोण बघतंय." लिहू नका. "विभक्त, घटस्फोट अर्ज प्रलंबित" असं लिहा आणि दाव्याचा नंबर टाका. फोटो एकटीचा लावा, सोबत अर्ज जोडा.

आणि आजच्या आज एक काम, ज्याला कोर्ट लागत नाही: मृत्युपत्र. भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्राशिवाय गेलात तर तुमच्या घराचा, ठेवींचा एक तृतीयांश वाटा पतीचा, दोन तृतीयांश मुलीचा. हे पती म्हणजे पिंपरीचेच. मृत्युपत्र केलंत तर सगळं मुलीला देता येतं. साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. मुलगी किंवा जावई साक्षीदार नकोत, नाहीतर तिला दिलेलंच रद्द होतं. वॉर्डातल्या दोन सिस्टर बोलवा, ड्युटी संपताना पाच मिनिटांचं काम आहे.

पाळकसाहेबांबद्दल मी जपून लिहिते, कारण रविवारी तुम्हाला त्याच बाकावर बसायचंय. त्यांनी वचन बरोबर सांगितलं. फक्त कोर्टाच्या हुकूमनाम्याला पाळकाची सही लागत नाही, आणि चर्चने दिलेल्या कागदाने सरकारी लग्न तुटतही नाही. सुप्रीम कोर्टाने हे १९९६ मध्ये सांगितलं, २०१७ मध्ये पुन्हा सांगितलं. त्यांना एकदा शांतपणे विचारा की १९९४ मध्ये तुमचा ओठ फाटला तेव्हा मंडळीतून कोण पुण्याला मिस्टरांना समजवायला गेलं होतं. उत्तराची वाट बघू नका, नुसतं विचारा. वसईहून, मुंबईहून कॅथलिक बहिणींची पत्रं येतात, त्यांची गोष्ट थोडी निराळी: चर्चमध्ये पुन्हा लग्न करायचं तर धर्मप्रांताच्या न्यायाधिकरणाकडून आधीचं लग्न मुळातच वैध नव्हतं असा निर्वाळा लागतो, आणि तो कोर्टाच्या घटस्फोटापेक्षा वेगळा. पण नुसता कोर्टाचा घटस्फोट घेऊन एकटी राहणाऱ्या बाईला ख्रिस्तप्रसाद घ्यायला त्याने बाध येत नाही. गोव्यात लग्न झालेल्यांनी हे सगळं पत्र बाजूला ठेवावं, तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो.

या वयात करावं का, असं तुम्ही विचारलंत. सिस्टर, साठीच्या पेशंटला तुम्ही कधी म्हणालात का, की आता या वयात टाके कशाला?

राहिली ती पोत. अर्ज करताना काढावी लागत नाही. कोर्ट गळ्याकडे बघत नाही, सामनेवाल्याचा वकील बघेल आणि विचारेल, "मॅडम, अजून घालता?" त्याला सांगा, पावती आहे, माझ्या नावाची. हुकूमनामा आल्यावर ठेवायची की मोडायची ते सोनाराकडे बसून ठरवा. हल्ली भाव चांगला आहे.